गावाचे भित्तिपत्रक: सुरुवात कशी करावी आणि ते कसे टिकवावे

विदर्भातल्या कोणत्याही खेड्यात थोडी चौकशी केली तर लक्षात येते की गावाला हवी असलेली बरीचशी माहिती गावातच असते, मात्र ती एकेका घरात अडकून पडलेली असते. मे महिन्यातही कोणत्या विहिरीला पाणी राहते आणि ते का राहते, तुरीवर मर आली तेव्हा कोणत्या वावरातले पीक वाचले, निराधार योजनेचा अर्ज कोणत्या कागदासाठी परत आला, तालुक्याच्या रुग्णालयात हाडांचे डॉक्टर कोणत्या वारी येतात, हे सारे कोणाला ना कोणाला ठाऊक असते. पारावरच्या बोलण्यातून त्यातले काही पसरते खरे, पण तिसऱ्या तोंडी जाईपर्यंत तारीख गळते, प्रमाण बदलते आणि ‘अमक्याने फवारले म्हणून वाचले’ एवढेच उरते. शिवाय पारावर सगळे बसत नाहीत. बायका बसत नाहीत, टोल्यावरची (गावाबाहेरच्या लहान वस्तीवरची) माणसे बसत नाहीत, आणि जी बसतात त्यांतही बोलणारे दोघे-चौघेच असतात.

हे अनुभव आणि त्यांवरची मते लिहून सर्वांसमोर ठेवण्याची अगदी साधी सोय म्हणजे गावाचे भित्तिपत्रक. हाताने लिहिलेले मोठे कागद, त्यांची ठरलेली जागा, ते बदलण्याचा ठरलेला दिवस आणि वाचणाऱ्याला तिथेच उत्तर लिहिता येईल अशी मोकळी पट्टी, एवढे त्याला पुरते. यांतली शेवटची गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. उत्तराला जागा नसलेला कागद हा सूचना फलक होय, आणि तो प्रत्येक ग्रामपंचायतीत आधीपासूनच आहे. आपल्याला जे उभे करायचे आहे, त्यात एकाने लिहावे, दुसऱ्याने त्यावर ‘माझ्याकडे असे झाले नाही’ असे म्हणावे, तिसऱ्याने त्याचे कारण सांगावे, आणि या देवाणघेवाणीतून एकमेकांशी फारसे न बोलणारी घरे एकाच विषयावर विचार करू लागावीत, अशी अपेक्षा आहे.

हातात मोबाईल असताना कागद कशाला, असा प्रश्न कोणीतरी नक्की विचारील. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर बहुतेक वेळा गावाबाहेर तयार झालेला असतो, तो कोणी लिहिला हे कळत नाही, आणि संध्याकाळपर्यंत तो वर सरकून दिसेनासा होतो. भिंतीवरचा कागद मात्र दोन आठवडे जागचा हलत नाही, लिहिणारा ओळखीचा असतो, आणि तो वाचायला दुसऱ्याच्या शेजारी उभे राहावे लागते. शेजारी उभे राहिले की बोलणे होते.

जागा आणि फळा

जागा निवडताना ग्रामपंचायतीची भिंत सोपी वाटते, पण तिथे माणूस दाखल्यासाठी येतो आणि काम झाले की निघतो. पारावर वाचायला थांबणे बायकांना अवघड जाते. माझ्या मते पिठाच्या चक्कीसारखी जागा नाही, कारण दळण होईपर्यंत थांबावेच लागते, स्त्रिया आणि पुरुष दोघेही येतात, आणि कोणत्याही मोहल्ल्यातल्या माणसाला तिथे यायला संकोच वाटत नाही. चक्की गैरसोयीची असेल तर स्वस्त धान्य दुकानाची भिंत किंवा बसथांब्याचा आतला भाग पाहावा. भिंत कोणाचीही असो, मालकाची परवानगी लेखी घ्यावी. चार ओळींचा कागद पुरतो, आणि उद्या एखादा मजकूर कोणाला खटकला तर मालकावर दबाव येण्याआधी तो कागद सर्वांना दाखवता येतो.

बाजारात मिळणारी कार्डशीट २२ बाय २८ इंचांची असते. चार फूट रुंद आणि तीन फूट उंच प्लायवूडच्या फळ्यावर अशा दोन शीट शेजारी शेजारी बसतात आणि खाली सात-आठ इंचांची पट्टी उरते. ती पट्टी उत्तरांसाठी राखून ठेवावी. फळ्याचे तोंड शक्यतो उत्तरेला असावे. पश्चिमेला असेल तर उन्हाळ्यात दुपारनंतरच्या उन्हाने शाई फिकी पडते आणि पावसाळ्यात झड सरळ कागदावर येते. वर टिनाचा फूटभर पुढे आलेला तुकडा ठोकावा. पाण्यात विरघळणारे स्केच पेन वापरू नये, कारण श्रावणातल्या नुसत्या ओलाव्यानेही अक्षरे पसरतात. पक्क्या शाईचा मार्कर घ्यावा. शीर्षकाचे अक्षर दोन इंच आणि मजकुराचे अर्धा इंच उंच ठेवले, तर चार फुटांवरून चष्म्याशिवायही वाचता येते. या मापाने एका शीटवर सुमारे १५० शब्द मावतात, म्हणजे दोन शीटवर ३००. ही मर्यादा मोठ्या उपयोगाची आहे. ३०० शब्दांत काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरवताना लिहिणाऱ्याचा विचार आपोआप नेमका होतो.

माणसे आणि वार

चार-पाच जणांपेक्षा मोठे मंडळ करू नये. त्यात एक जण मजकूर गोळा करणारा, एक जण चांगल्या अक्षराचा, बहुधा आठवी-नववीतला विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी, बचत गटातल्या एक ताई आणि शाळेतले किंवा ग्रंथालयातले एक जाणते माणूस असावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे चौघे-पाच जण एकाच मोहल्ल्यातले, एकाच समाजाचे किंवा एकाच पक्षाचे नसावेत. पहिल्या दोन अंकांत कोणाची नावे दिसतात यावरून गाव ठरवते की हा कागद आपला आहे की त्यांचा आहे, आणि एकदा ते ठरले की ते मत बदलायला वर्ष लागते. म्हणून पहिल्या अंकातला एक तरी मजकूर टोल्यावरचा, एक तरी शेतमजुराचा आणि एक तरी बाईचा असलाच पाहिजे.

आठवड्याचा वायदा करू नये, पंधरवड्याचा करावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेले ‘मूकनायक’ हेही पाक्षिकच होते. पंधरा दिवसांत मजकूर जमतो, लोकांचे वाचून होते आणि उत्तरे यायलाही वेळ मिळतो. वार मात्र पक्का असावा, आणि तो बाजाराच्या आदल्या दिवशीचा ठेवला तर दळणासाठी आणि सामानासाठी बाहेर पडलेली माणसे नवा कागद ताजा असतानाच वाचतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडे रोवणीच्या दिवसांत आणि वऱ्हाडात कापूस वेचणीच्या दिवसांत कोणालाही लिहायला सवड नसते. अशा वेळी एकच शीट लावावी, तीही अर्धी भरलेली चालेल, पण वार चुकवू नये. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या खेड्यातून ‘दीनमित्र’ सुरू केले आणि ते अर्धशतकाहून अधिक काळ चालवले. शहर, मोठा छापखाना आणि मोठा पैसा यांच्यापासून दूर राहूनही नियमितपणा सांभाळता येतो, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

पैशाबद्दल एकच सांगतो. फळ्याचा एकदाचा खर्च आणि नंतर दर पंधरवड्याला लागणाऱ्या दोन शीट एवढाच हा व्यवहार आहे, तो घरोघरच्या लहान वर्गणीतून भागवावा. कृषी केंद्राची किंवा बियाणे कंपनीची जाहिरात घेऊ नये, कारण ती घेतल्यावर त्याच बियाण्याची उगवण कमी झाली हे लिहिताना हात आखडतो.

काय लिहावे, कसे लिहावे

येथे सर्वांत जास्त मेहनत घ्यावी लागते. नव्याने लिहिणाऱ्याला वाटते की लिहायचे म्हणजे उपदेश करायचा, आणि मग ‘सर्वांनी पाणी जपून वापरावे’, ‘मुलांना शिकवावे’ अशी वाक्ये येतात, जी कोणी नाकारत नाही आणि कोणी वाचतही नाही. मंडळाने लेखकाकडून पाच गोष्टी मागून घ्याव्यात: कुठे, कधी, किती, कशावरून कळले, आणि पुढे काय झाले. यांपैकी तीन जरी मिळाल्या तरी मजकूर उभा राहतो.

उदाहरणादाखल समजा, एका शेतकऱ्याने लिहून आणले की ‘कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली आहे, सर्वांनी काळजी घ्यावी.’ हा मजकूर तसाच लावू नये. त्यांच्याजवळ बसून विचारावे: दादा, वावर कोणते, सापळा कधी लावला, किती पतंग सापडले? मग तोच मजकूर असा होतो: ‘नाल्याकडच्या वावरात मी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावले आहेत. सोमवारी रात्री एका सापळ्यात ६, मंगळवारी ९ आणि बुधवारी ११ पतंग सापडले. गुरुवारी सकाळी वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडे तोडून उकलली, त्यांत दोनात जिवंत अळी होती. डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली फुले) धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, तासांत जास्त दिसतात.’ आता वाचणाऱ्याच्या हाती काहीतरी लागले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे सलग तीन रात्री प्रति सापळा ८ पतंग सापडले, किंवा २० बोंडांपैकी दोनांत अळी आढळली, तर नुकसानीची पातळी गाठली असे समजतात. ही पातळी त्याच मजकुराखाली एका ओळीत लिहिली की शेजारचा शेतकरी स्वतःच्या वावरात जाऊन मोजू शकतो.

पतंग धुरा ओळखत नाही. एकाने फवारणी केली आणि चार धुरे ओलांडून कोणी फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेली जुनी कपाशी) ठेवली, तर अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उपटून शेत मोकळे करण्याचा सल्ला सर्व गावाने मिळून पाळला तरच त्याला अर्थ राहतो. २०१७ च्या खरिपात विदर्भाने बोंडअळीचा मोठा फटका सोसला, त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि त्या आठवणीने मी एक गोष्ट आग्रहाने सांगतो: कीटकनाशकाचे प्रमाण, दोन औषधांचे मिश्रण आणि आजारावरचा उपचार हे विषय ऐकीव माहितीवर कधीही भित्तिपत्रकावर येऊ देऊ नयेत. डब्यावरच्या लेबलावर जे छापले आहे आणि कृषी सहायकाने किंवा डॉक्टरांनी जे सांगितले आहे तेवढेच, त्यांच्या नावानिशी लिहावे.

शेतीखेरीज विषय भरपूर आहेत. बचत गटाने हिशोब कसा ठेवला, शिष्यवृत्तीच्या अर्जात जात वैधतेचा कागद कधी लागला, मुलगी नागपूरला शिकायला गेली तेव्हा वसतिगृह कसे मिळाले, भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावातला गाळ काढल्यावर धानाच्या बांध्यांना किती दिवस जास्त पाणी मिळाले, दिवाळीनंतरच्या मंडईत (गावजत्रेत) यंदा दंडार (लोकनाट्य) कोणती ठेवावी, ही सगळी भित्तिपत्रकाची सामग्री आहे. मतेही लिहावीत. ‘दारूबंदी गावात टिकत नाही, त्याची मला दिसणारी कारणे’ किंवा ‘लग्नातला जेवणावळीचा खर्च आपण का कमी करावा’ असा मजकूर एखाद्याने स्वतःच्या नावाने लिहिला, तर त्याचे स्वागत करावे, फक्त मत आणि माहिती यांची सरमिसळ होऊ देऊ नये. ‘मला वाटते’ हे दोन शब्द जिथे लागतात तिथे ते लिहायला लावावेत.

भाषेचा प्रश्न नाजूक आहे आणि तो पहिल्याच अंकात सोडवावा लागतो. शाळेतली प्रमाण मराठी हीच लिहिण्याची भाषा, असा समज घट्ट बसलेला असल्यामुळे उत्तम बोलणारी माणसे कागद पाहिला की गप्प होतात. वऱ्हाडीत सांगितले तर वऱ्हाडीत लिहावे, झाडीबोलीत सांगितले तर झाडीबोलीत, आणि मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्याचा मजकूर देवनागरीत त्याच भाषेत लिहून खाली मराठीत दोन ओळी द्याव्यात. शुद्धलेखन तपासण्याच्या नावाखाली माणसाचे बोलणे बदलू नये. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याकडे मंडळातल्या विद्यार्थ्याने जावे, आजी किंवा काका सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवावे, आणि उतरवलेले त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. त्यांनी ‘असंच म्हणलं मी’ असे म्हटल्याशिवाय ते शीटवर चढवू नये. खाली नाव मात्र त्यांचे, लिहून घेणाऱ्याचे नाही.

उत्तराची पट्टी

पट्टी मोकळी ठेवली म्हणजे उत्तरे येतील, असे होत नाही. पहिले काही अंक ती कोरीच राहते, आणि येथेच बहुतेक मंडळे निराश होतात. लोकांना लिहिण्यापेक्षा लिहिताना दिसण्याचा संकोच असतो. त्यावर तीन उपाय सांगता येतील. पेन दोरीने फळ्याला बांधण्याऐवजी चक्कीवाल्या दादांकडे चिठ्ठ्या आणि पेन ठेवावे, म्हणजे दळणाची वाट पाहताना बसून लिहिता येते. चिठ्ठी टाकायला तेलाच्या रिकाम्या डब्याला खाच पाडून तो फळ्याखाली टांगावा. आणि तिसरा उपाय, जो मला सर्वांत परिणामकारक वाटतो, तो असा की मजकुराचा शेवट अशा प्रश्नाने करावा, ज्याचे उत्तर प्रत्येक घराकडे आहे.

गाडगेबाबा कीर्तनात समोर बसलेल्या लोकांनाच प्रश्न विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. हा गुण भित्तिपत्रकाने घ्यावा. ‘पाणीटंचाईबद्दल आपले मत काय?’ हा प्रश्न कोणाच्याही उपयोगाचा नाही. ‘तुमच्या विहिरीत आज किती हात पाणी आहे?’ या प्रश्नाला मात्र निरक्षर माणूसही उत्तर देऊ शकतो, कारण त्याने सकाळीच पाणी काढलेले असते. अशी पंधरा-वीस उत्तरे जमली की पुढच्या अंकात शिवाराचा साधा नकाशा काढून प्रत्येक विहिरीपाशी तो आकडा लिहावा. नाल्याच्या वरच्या अंगाच्या विहिरी आटल्या आणि बंधाऱ्याखालच्या टिकल्या, हे नकाशावर दिसते तेव्हा गाव पहिल्यांदा आपल्या पाण्याकडे एकत्रितपणे पाहते. एकेका घराजवळ जो आकडा होता, त्याचे गावाच्या माहितीत रूपांतर झालेले असते, आणि ज्यांचे आकडे नकाशावर आहेत ती सारी घरे या विषयात भागीदार झालेली असतात.

प्रत्येक चिठ्ठीला पुढच्या अंकात स्थान मिळालेच पाहिजे, निदान एका ओळीचे. आपली चिठ्ठी वाचली गेली हे ज्याला दिसते तोच पुन्हा लिहितो. निनावी प्रश्न घ्यावा, कारण काही प्रश्न नाव देऊन विचारणे कठीण असते, विशेषतः बायकांच्या आरोग्याचे आणि कर्जाचे. निनावी आरोप मात्र घेऊ नये, तो फाडून टाकावा आणि त्यात काय होते हे मंडळाबाहेर सांगू नये.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत अंक पोहोचवायचा तर तो वाचून दाखवावा लागतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी रुजवलेली सामुदायिक प्रार्थना आजही विदर्भातल्या अनेक गावांत रोज संध्याकाळी होते. ती संपल्यावर, किंवा बुद्धविहारात वंदना झाल्यावर, पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटे अंक वाचायला मिळावीत अशी विनंती करावी. शाळेच्या परिपाठात मुलांनी वाचला तर तो दुपारपर्यंत घरोघरी पोहोचतो. वाचन झाल्यावर लोक जे बोलतात तेही उत्तरच आहे, म्हणून मंडळातल्या एकाने वही घेऊन बसावे.

वाद झाला तर

वाद होणारच, आणि वादाच्या भीतीने फक्त निरुपद्रवी मजकूर लावत राहिले तर गावाला भित्तिपत्रकाची गरज उरत नाही. आधीच ठरवून, शीटच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवावेत असे नियम थोडेच आहेत. कोणाच्याही घरातली खासगी गोष्ट लिहायची नाही. जातीवरून किंवा धर्मावरून कोणाला उणे लेखणारा शब्द येऊ द्यायचा नाही. निवडणूक जाहीर झाल्यापासून निकालापर्यंत कोणत्याही उमेदवाराविषयी काही लावायचे नाही. आणि कोणत्याही कामाविषयी प्रश्न विचारला तर संबंधितांचे उत्तर त्याच अंकात, तेवढ्याच जागेत द्यायचे. ते उत्तर देत नसतील तर ‘विचारले, उत्तर आले नाही’ एवढेच लिहायचे.

पांदण रस्त्याचे उदाहरण घेऊ, कारण हा वाद गावोगावी आहे. ‘अमक्याने पांदण खाल्ली’ असे लिहिले तर दुसऱ्या दिवशी भांडण होते आणि पांदण तशीच राहते. भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची प्रत काढावी, दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन टेपने मोजावे आणि लिहावे की नकाशात रुंदी इतकी आहे, ओढ्याजवळ ती आज ९ फूट भरते, आंब्याजवळ ७ फूट भरते, आणि पावसाळ्यात या पांदणीने बंडी जात नसल्याने इतक्या शेतकऱ्यांचे खत आणि सोयाबीन डोक्यावरून न्यावे लागते. नाव कोणाचेच नाही, तरी प्रश्न सर्वांना स्पष्ट दिसतो. सार्वजनिक कामाची कागदपत्रे हवी असतील तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. मिळालेला कागद हाती नसताना आकडा लिहू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे आणि हाताने लिहिलेला मजकूरही त्यातून सुटत नाही, हे मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

आणखी एक मर्यादा पाळावी. भित्तिपत्रकावर निर्णय होत नाहीत. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाने ही गोष्ट फार विचारपूर्वक सांभाळली आहे. तिथे अभ्यासगट विषय समजून घेतो, कागद वाचतो, शंका काढतो, पण निर्णय घेते ती ग्रामसभा, आणि तोही सर्वसहमतीने. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे अशा वर्षानुवर्षांच्या एकत्र अभ्यासाचे बळ होते. आपले भित्तिपत्रक हे अभ्यासाचे ठिकाण आहे असे धरून चालावे. दोन-तीन अंकांत एखादा विषय पिकला की त्याचा अर्ज करून तो ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) द्यावा, पोच घ्यावी आणि ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो आला की नाही हे पाहावे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हायला हवी. तिच्या आधीचा अंक त्या विषयाला आणि नंतरचा अंक झालेल्या ठरावाला द्यावा.

जुने अंक

उतरवलेली शीट रद्दीत घालू नये. तिचा मजकूर जशाच्या तसा एका जाड रजिस्टरमध्ये उतरवावा, सोबत तारीख, लिहिणाऱ्याचे नाव आणि आलेली उत्तरे लिहावीत. शीट गुंडाळून भिंतीशी उभी केली तर वाळवी लागते, म्हणून त्या सपाट ठेवून टिनाच्या पेटीत घालाव्यात आणि प्रत्येकीचा फोटो काढून ठेवावा. गावात सार्वजनिक ग्रंथालय असेल तर रजिस्टर तिथे ठेवावे, नसेल तर शाळेत, पण कोणाच्या घरी ठेवू नये. वर्षभरानंतर या रजिस्टरची किंमत कळते. गेल्या मृगात पहिला पेरणीजोगा पाऊस कोणत्या तारखेला झाला, दुबार पेरणी कोणाला करावी लागली, कोणत्या वाणाची उगवण कमी होती, कोणत्या आठवड्यात पहिले पतंग सापळ्यात आले, हे सारे तारखेनिशी समोर असते, आणि मे महिन्यात बियाणे घ्यायला निघालेला शेतकरी आधी रजिस्टर पाहून जाऊ लागतो.

मंडळातली माणसे बदलत जाणार हे पहिल्या दिवसापासून गृहीत धरावे. अक्षर काढणारी मुलगी दहावीनंतर तालुक्याला जाते, मजकूर गोळा करणाऱ्याला पुण्याकडे काम मिळते, आणि एका माणसावर उभे असलेले भित्तिपत्रक तिथेच थांबते. म्हणून प्रत्येक कामाला जोडीदार ठेवावा. नववीतल्या मुलीने शीट लिहिताना सातवीतल्या मुलाने शीर्षके लिहावीत, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतले अंक त्यानेच पूर्ण लिहावेत. मजकूर गोळा करणाऱ्याने नव्या माणसाला निदान चार अंक सोबत घेऊन घरोघरी फिरवावे, कारण कोणाकडे काय सांगण्यासारखे आहे आणि कोणाला कोणत्या वेळी गाठावे, हे रजिस्टरमध्ये लिहिलेले नसते. बाहेरगावी गेलेल्यांनाही सोडू नये. त्यांना अंकाचा फोटो पाठवावा आणि तिथल्या कामाची, भाड्याची, प्रशिक्षणाची माहिती पत्राने किंवा फोनवर मागवून ती त्यांच्या नावाने लावावी, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच वाटेने निघालेल्या पोराला कुठे उतरायचे आणि कोणाला विचारायचे हे गाव सोडण्याआधीच कळेल.